प्रांजळ गाडीची धूर जाळायची फेरी

धूर हा निघायचाच. तो कोणाच्या नावावर निघाला एवढाच काय तो प्रश्न, आणि शहाण्या समाजात त्या प्रश्नाचं उत्तर कागदावर दिलं जातं, हवेत नाही.

उमापूरच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या वैजिनाथ आप्पांना हे ठाऊक नव्हतं. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं, असं त्यांना लहानपणी कोणीतरी शिकवलं होतं आणि ते अजून विसरले नव्हते. (वय अठ्ठावन्न. एवढ्या वयापर्यंत ही खोड टिकलेला दुसरा माणूस तालुक्यात सापडलेला नाही.) त्यामुळं ‘सुश्वास मोटर्स’ या कंपनीचं त्यांच्या ‘प्रांजळ’ नावाच्या डिझेल गाडीबद्दल रजिस्टर पत्र आलं, तेव्हा आप्पांनी ते दोनदा वाचलं, देव्हाऱ्यात ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन संभाजीनगरला कंपनीच्या दारात उभे राहिले.

पत्राची भाषा फार नम्र होती. “तपासणीच्या वेळचे आपल्या वाहनाचे वर्तन आणि रस्त्यावरील वर्तन यांत किंचित तफावत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब वाहन आणावे; विनामूल्य सुधारणा करून देण्यात येईल.” म्हणजे गाडी तपासणीच्या नळीपुढं सोवळ्यात बसायची आणि रस्त्यावर आली की चिलीम ओढायची. (माणसात एवढी तफावत असली तर त्याला व्यवहारी म्हणतात. गाडीला ती सवलत नाही.)

जिल्ह्यात अशा प्रांजळ गाड्या एकशे चाळीस. पैकी एकशे एकतीस मालकांनी पत्राचा पुडा करून त्यात शेंगा खाल्ल्या. ते आज सुखात आहेत, त्यांच्याबद्दल इथं लिहिण्यासारखं काही नाही. उरलेल्या नऊ जणांची सुधारणा झाली.

सुधारणा पाऊण तासात उरकली. पूर्वी जो धूर बाहेर जायचा, तो आता गाडीच्या पोटातल्या एका गाळणीत साठू लागला. हवा स्वच्छ झाली; घाण मालकाकडं राहिली. गाळणी भरली की समोर पिवळा दिवा लागतो. मग गाडी ताशी ऐंशीच्या वेगानं, कुठंही न थांबता, सलग चाळीस मिनिटं पळवायची, म्हणजे साठलेली काजळी आपोआप जळते. मध्ये थांबलात तर पहिल्यापासून. नाहीच पळवली तर तांबडा दिवा लागतो, आणि मग गाडी वीसच्या वर जायचं नावच घेत नाही.

हवा स्वच्छ राहावी म्हणून, कुठंही जायचं नसताना, पन्नास किलोमीटरचं डिझेल जाळायचं ही कल्पना पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते. विचार केल्यावर ती जास्तच विचित्र वाटते. म्हणून सोबत दिलेल्या पुस्तिकेच्या नवव्या पानावर कंपनीनं शंका न काढण्याची विनंती केली आहे.

आता उमापूर आणि चाळीस मिनिटं ऐंशी. उमापुरात ऐंशीच्या वेगानं आजवर फक्त अफवा गेली आहे. गावातून बाहेर पडेपर्यंत चौदा गतिरोधक (मंजूर सहा, बाकीचे लोकांनी हौसेनं घातलेले), दोन ठिकाणी मांडव आणि एक म्हैस जी कोणाची आहे हे ती उठेपर्यंत कोणी कबूल करत नाही. तेव्हा दर गुरुवारी आप्पांना गेवराईला जाऊन हायवेवर फेरी मारावी लागे. रिकामी गाडी गावाबाहेर नेणं उमापुरात पाप समजतात, त्यामुळं फेरीला माणसंही बसत. शेजारच्या कौशल्याबाई तर गुडघ्यांना गार हवा मिळते म्हणून सलग पाच गुरुवार आल्या, कुठंही उतरल्या नाहीत आणि बरं वाटतंय म्हणाल्या.

नऊ जणांनी फोनवर संघ काढला. गेवराईच्या संजय गुरुजींनी सगळ्यांच्या वतीनं कंपनीला फोन लावला. गाडीला ओढ राहिली नाही; उत्तर आलं, ती शांत झाली आहे. डिझेल दीडपट लागतं. उत्तर आलं, हे वापरणाऱ्याच्या पायावर अवलंबून आहे. कधी कधी जागची हलतच नाही, असं गुरुजी शेवटी म्हणाले, तेव्हा पलीकडच्या बाईंनी त्यांचं अभिनंदन केलं. न हलणारी गाडी सर्वांत कमी धूर सोडते, म्हणजे सुधारणा लागू पडली.

हे सगळं आप्पांनी सोसलं असतं. पण मध्ये पंचमी आली.

आप्पांची एकुलती लेक रुद्राणी उन्हाळ्यात चकलांब्याला दिलेली. लग्नानंतरची पहिली पंचमी. पोर माहेरी आलीच पाहिजे आणि तिला आणायला घरचा माणूस मुराळी म्हणून गेलाच पाहिजे. दुपारी चारला गावातल्या बाया वारुळाला निघतात. नव्यानं लग्न झालेली त्यात दिसली नाही, तर वर्षभर लोक तिच्या आईला खोदून खोदून विचारतात. दानम्मानं दुकानासमोरच्या लिंबाला झोका बांधला, बांगड्यावाली बोलावून ठेवली आणि नवऱ्याला एवढंच बजावलं, “चारच्या आत पोर दारात पायजे.”

“आपली गाडी हाय की,” आप्पा म्हणाले. एवढं म्हणून ते थांबले असते तरी चाललं असतं. पण लेकीला स्वतःच्या गाडीतून आणणार, हे त्यांनी अख्ख्या बाजाराला सांगून ठेवलं होतं. त्या गडबडीत आदल्या गुरुवारची फेरी राहिली.

सकाळी साडेदहाला चकलांब्यात लेकीला गाडीत बसवलं, मांडीवर नारळ दिला, किल्ली फिरवली आणि पिवळा दिवा लागला.

जावई बसवेश खिडकीत वाकला. “आप्पा, भागवतच्या जीपमधी लावून देऊ का हिला?”

भागवतची जीप गेवराई-उमापूर रस्त्यावर माणसं वाहते. ती येण्याआधी तिचा धूर येतो आणि ती गेल्यावर बराच वेळ थांबतो. आप्पांना तो पर्याय ऐकवेना. त्यांनी सरळ हिशेब मांडला. गेवराईला जायचं, हायवेवर पाचोडच्या अंगाला वीस मिनिटं, तिथून वळून वीस मिनिटं, झालं. दोनपर्यंत घरी. या हिशेबात चूक एकच होती, की त्यात रस्ता धरलेला नव्हता.

पहिल्या खेपेला एकोणिसाव्या मिनिटाला मेंढरं आली. त्यांच्यापुढं आप्पांनी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. त्यांचाही सण असेल. दुसऱ्या खेपेला एकतिसाव्या मिनिटाला उलट्या बाजूनं ट्रॅक्टर आला. चालकानं हात वर करून रामराम घातला, त्यामुळं त्याला काही बोलता आलं नाही. रुद्राणी घड्याळाकडं बघायची आणि मांडीवरचा नारळ सावरायची. एक वाजून गेला, तेव्हा तिनं डब्यातला लाडू काढून बापाला दिला. त्याचं आप्पांना फार वाईट वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या खेपेला सदतिसाव्या मिनिटाला, गोदावरीचा पूल उतरताच, वाळूचोरी पकडणाऱ्या पथकानं गाडी अडवली. पथकाचा संशय चुकीचा नव्हता. इकडं वाळूचे टिप्पर निघाले की त्यांच्यापुढं एक बरी गाडी सोडतात. ती पुलावरून येरझाऱ्या घालते आणि पथक कुठं आहे ते फोनवर कळवते.

“सकाळधरून किती येळा पूल वलांडला?” साहेबांनी विचारलं.

“लई येळा,” आप्पा खरं बोलले.

“कोनाचे टिप्पर हायत?”

“टिप्पर न्हाईत, साहेब. आमी धूर जाळायलोय.”

साहेबांनी मागं नारळ घेऊन बसलेल्या रुद्राणीकडं बघितलं. “आता लेकीबाळी बी बसवायला लागले का टेहळणीला?”

आप्पांनी कंपनीचं पत्र दाखवलं. साहेबांनी ते वाचलं आणि त्यांची शंका पक्की झाली, कारण इतकी नम्र भाषा खऱ्या कागदावर नसते. शेवटी गाडीचे कागद निघाले. धुराचं प्रमाणपत्र तीन दिवसांपूर्वी संपलं होतं. “आधी त्ये काढा, मग जाळा काय जाळायचं त्ये,” असं म्हणून त्यांना परत गेवराईला पिटाळण्यात आलं.

उमापूरच्या फाट्यावर उत्तरेश्वरची धूर तपासायची व्हॅन उभी असते. उत्तरेश्वर हा या व्यवसायातला फार झटपट माणूस. त्यानं नंबरपाटीचा फोटो काढला आणि कागद छापायला घेतला.

“नळी लाव की,” आप्पा म्हणाले.

“नळी कावून?”

“धूर बघायला. हिच्यापायी चार महिने झाले मरायलोय मी. निदान किती निघतो त्ये तरी कळू दे.”

उत्तरेश्वर जन्मात पहिल्यांदा गोंधळला. त्यानं नळी शोधली. ती सीटखाली, आलेल्या दिवशीच्या प्लास्टिकमध्ये होती. ती लावताच यंत्र बंद पडलं. त्याला सवय नव्हती. ते चालू होईस्तोवर गाडी जागेवर घरघरत राहिली, मागं सात गाड्यांची रांग लागली, आणि रांगेतली माणसं आप्पांकडं असं बघू लागली की जणू यांनीच हवा खराब केली.

तीन वाजून पाच मिनिटांनी तांबडा दिवा लागला.

तेवढ्यात आधी धूर आला आणि मग भागवतची जीप आली. भागवतनं खाली न उतरता खिडकीतूनच हात काढला, उत्तरेश्वरनं त्याच्या हातात कागद ठेवला. फोटो गेल्या वर्षीचाच होता. कागदावर छापलं होतं : धूर शून्य.

रुद्राणी नारळ घेऊन उतरली.

“आप्पा, मला न्यायला आलता का धूर जाळायला?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मग तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. “माय वाट बघत आसंल. तुमी या सावकाश.”

सावकाश यायला आप्पांच्या गाडीला सांगावं लागलं नाही. ताशी वीसच्या वेगानं ते उमापूरकडं निघाले. वाटेत त्यांना दोन सायकली आणि गावच्या गतिरोधकांवर वारुळाहून परतणाऱ्या बाया मागं टाकून गेल्या. बायांत रुद्राणी होती, हात भरून हिरव्या बांगड्या. तिला बघून आप्पांचे डोळे भरून आले. चारला दहा कमी असताना जीपनं तिला दारात सोडलं होतं आणि दानम्मानं त्या जीपला, बाजारादेखत, कुंकू लावलं होतं. आप्पांच्या खिशातही कागद होता. त्यावर उत्तरेश्वरनं लिहून दिलं होतं : नळी लावल्यामुळे तपासणी होऊ शकली नाही.

इथपर्यंत वाचून आपण आप्पांना हसला असाल. हसायला हरकत नाही. मात्र सवड मिळाली की आपल्या गाडीच्या कप्प्यातलं धुराचं प्रमाणपत्र बाहेर काढा. त्यावर तपासणीची तारीख आणि वेळ छापलेली असते. त्या दिवशी, त्या वेळी, आपली गाडी कुठं उभी होती ते जरा आठवून बघा. आठवलं तर कोणाला कळवू नका. उगाच आपल्यालाही पत्र यायचं.