शमीमआपांची दोन सह्यांची वही

चहात साखर आहे का नाही, हे शमीमआपा एकटीच्या जिभेवर कधीच ठरवत नाहीत. स्वतः घोटभर घेणार, मग बशीत ओतून माझ्यापुढे सरकवणार. "बघ गं. मला गोड लागला, पण माझं काय खरं?"

आपा आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट. राहायला सोलापुरातच, शुक्रवार पेठेत. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतात आणि चौथ्यांदा मला ओढायला लावतात. शिपाई येऊन म्हणाला, "सर आले," की आपा विचारणार, "सर बघितले का सरांची गाडी बघितली?" शिपाई परत बघायला जातो. गाडीच बघितलेली असते ना.

आणि त्यांची ती वही. लॅबमधलं कुठलंही रीडिंग तिच्यात लिहायचं, पुढं दोन सह्या. घेणाऱ्याची एक, शेजारी उभं राहून बघणाऱ्याची एक. एका सहीच्या रीडिंगला आपा म्हणतात अफवा.

आता माझं काम सांगते, पटकन. काचेवर प्लास्टिकसारख्या पदार्थाचा एकदम पातळ थर द्यायचा. त्याला म्हणायचं फिल्म. तिच्यावर उजेड पाडला की थोडासा करंट निघतो. त्यात चांदीचे डोळ्याला न दिसणारे बारीक कण मिसळले, तर ते उजेड स्वतःभोवती गोळा करतात आणि करंट वाढतो. वाढायला पाहिजे. माझा वर्षभर वाढत नव्हता. गुरुवारी कमिटीपुढं काम दाखवायचं होतं. नाहीतर फेलोशिप बंद, आणि मी बॅग घेऊन जेऊरला घरी.

आणि सोमवारी वाढला. बिनचांदीच्या फिल्मचा आकडा मागच्या आठवड्यात घेतलेला, चांदीवालीचा आला त्याच्या दीडपट. मी हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकून मोकळी. आपांनी मीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे, चोर बघावा तसं.

"ऐसा नै होता."

"आपा, समोर दिसतंय की."

"दिसतंय म्हणून तर. वर्षभर रुसलेली पोरगी एकदम हसायला लागली, तर कायकू हसती ते विचारायचं का नाही?"

सही केली नाहीच.

मंगळवारी संध्याकाळी ड्रॉवर उघडला, तर दोन्ही फिल्म गायब, आपा घरी गेलेल्या. बुधवारी ईदची सुट्टी. मी हॉस्टेलवर पडून दिवसभर एकच विचार करत होते, आपांनीच ढापल्या. जळतात माझ्यावर. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या बाटल्या धुतल्या, आता कुणाचं चांगलं बघवत नाही. खरंच असंच वाटलं होतं मला.

गुरुवारी सकाळी मी भांडायच्या तयारीनं गेले. आपांनी टेबलावर दोन्ही फिल्म ठेवल्या, शेजारी बशीत शीरखुर्मा.

"ड्रॉवरचं कुलूप ढिलं हाय, म्हणून माझ्या कपाटात ठेवल्या. आधी हे घे."

"नको मला."

त्यांनी बशी गुपचूप मागं घेतली. मग म्हणाल्या, "मोजून बघितली, तर बिनचांदीचीपण मागच्या आठवड्याच्या दीडपट झाली की गं. बोल आता."

आपा वाकून फिल्म ठेवायच्या स्टँडखालच्या चादरीचा वास घ्यायला लागल्या. शेजारच्या यंत्रमागांच्या हादऱ्यानं आकडे नाचतात, म्हणून आम्ही स्टँडखाली सोलापुरी चादर घडी करून ठेवतो.

"साबणाचा वास कायकू येतो?"

"रविवारी धुतली मी. मळली होती."

"आन् घडी?"

घडी मी आई घालते तशी घातली होती. लहान, चौकोनी, जाड. स्टँड दोन बोटं वर गेला, दिवा होता तिथंच, म्हणून फिल्मवर उजेड जास्त. चांदीनं नाही, चादरीनं करंट वाढवला होता.

मला रडूच यायला लागलं. आपांनी चादर झटकली, जुन्यासारखी पसरट घडी घातली आणि दोन्ही फिल्म लागोपाठ ठेवल्या. "बघ. तूच बघ."

चांदीवाली पुढं होती. दीडपट कुठली, शंभराला आठ जास्त. पुन्हा घेतलं, पुन्हा आठ.

"एवढंच?"

"एवढंच. पण हे चांदीचं हाय," आपा म्हणाल्या आणि माझ्या सहीखाली सही केली.

दुपारी कमिटीला मी आठच सांगितले, चादरीसकट. दोन सर हसले. तिसऱ्यांनी वही मागितली, सह्या बघितल्या आणि म्हणाले, चालू ठेवा.

संध्याकाळी वही जागेवर ठेवताना आदल्या दिवसाचं पान उघडलं. बुधवारचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत रीडिंगच रीडिंग, सगळ्यांपुढं आपांची एकेकच सही. दुसरा रकाना कोरा.

"आपा, काल ईद होती ना?"

"हौ."

"मग घरी?"

"अम्मी होती तोवर घरी." त्या कुलूप शोधत होत्या. हातातच होतं. "खुर्मा केला सकाळी. चाखला. गोड झाला का नै, कळंना."

मी ऑफिसच्या फ्रिजमधून त्यांचा खुर्म्याचा डबा काढला. बशीत ओतून एक चमचा खाल्ला. मग बशी त्यांच्यापुढं सरकवली.

"गोड आहे, आपा."

त्यांनी संशयानं माझ्याकडे बघितलं, चमचाभर घेतला आणि वही ओढली. बुधवारच्या पानावर सगळ्यात खाली लिहिलं, शीरखुर्मा, गोड. त्यापुढं आजची तारीख टाकली, सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं.