कोचीचा मासा गळ्यात पडला

लिलावातलं कोणी मला शिकवू नये! विदर्भातल्या आमच्या चिखलीच्या धान्य बाजारात सोयाबीनच्या ढिगांमधून फिरून बोल्या लिहून घेण्यात माझे केस पिकले. व्यापाऱ्याची भुवई हलली तरी मला कळतं, गडी अजून चढणार की इथंच बसणार. त्यामुळे कोचीच्या समुद्रकाठी मी भर लिलावात, स्वतःला पत्ता न लागता, एक मासा विकत घेतला, हे तुम्हाला पटणार नाही. मलाही अजून पटलेलं नाही.

आधी हे सांगतो की मी, प्रसेनजित गवई, कोचीला गेलोच का. त्याला कारण माझी बायको सारिका. ती हायस्कुलात भूगोल शिकवते. भरती-ओहोटी, खारे वारे, खाजण, पुळण, सगळं फळ्यावर असं काढते की पोरांच्या नाकात मीठ जावं! पण बाईनं स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. यंदा सव्वीस जानेवारी सोमवारी आली, सलग तीन दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा ती म्हणाली, "अहो, मले सूर्य समुद्रात बुडताना पाहायचा आहे. बाकी काही नाई दाखवलं तरी चालते."

"गोवा?" मी विचारलं.

"गोव्याले सारी चिखली जाते," माझा मित्र गफ्फार म्हणाला. तो बाजारात अडत्या आहे. "आपण कोचीले जाऊ. वास्को द गामा आला, डच आले, इंग्रज आले, चिनी आले. चिखलीचेच राहिले आहेत बे!"

मग गफ्फार, त्याची बायको सरवरी, सारिका आणि मी असे चौघे संभाजीनगरहून विमानानं निघालो, हैदराबादला विमान बदललं आणि शनिवारी अंधार पडल्यावर कोचीत उतरलो. म्हणजे पहिल्या दिवसाचा सूर्य हुकला. सारिका फक्त "उद्या" म्हणाली. ते ‘उद्या’ मी नीट ऐकायला हवं होतं.

मुक्काम मट्टनचेरीत जयाबेनकडे होता. त्यांचं गुजराती घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेलं. गरम फुलके आणि आग्रह करकरून तूप! मात्र दारातच त्यांनी बजावलं, "देखो भाई, अंडा, मच्छी, मांस, सब दहलीज के बाहर!"

"बिलकुल!" मी म्हणालो. मला काय माहीत!

रविवारी सकाळपासून मी नुसते प्रश्न विचारत सुटलो. एवढी मोठी झाडं कोणी लावली? भिंती पिवळ्याच का? मिऱ्याचा वेल झाडावर का चढवतात? चर्चमध्ये कळलं की वास्को द गामाला आधी इथं पुरलं होतं आणि नंतर उकरून पोर्तुगालला नेलं. गफ्फार हळहळला, "मेल्यावर बी माणसाले एका जागी बसू देत नाईत!" वाटेत त्यानं केरळी पद्धतीचं पांढरंशुभ्र लुंगीसारखं मुंडू घेतलं. मोठं चादरीएवढं. ते पिशवीत घालून आम्ही ऊन उतरताना चिनी जाळ्यांपाशी पोचलो.

काय ती जाळी! आमच्या बाजारातल्या तराजूचा हत्तीएवढा भाऊच. एका बाजूला घराएवढं जाळं, दुसऱ्या बाजूला दोरांना टांगलेले दगड. चार-पाच माणसं दोर ओढतात आणि पाण्यातून जाळं वर येतं. सारिका समुद्राकडे पाहत उभी राहिली ती राहिलीच. मला मात्र पलीकडून ओळखीचा सूर ऐकू आला. एक माणूस घोळक्यात उभा राहून गात होता. शब्द मल्याळम, पण चाल आमचीच!

"गफ्फार, हर्रासी!"

आम्ही घोळक्यात घुसलो. मधोमध फळीवर एक भला थोरला मासा पडला होता. आमच्याकडं धरणातला रोहू, कटला आणि फार तर मरळ. हा म्हणजे त्या सगळ्यांचा तहसीलदार! मी गफ्फारला विचारलं, "हा कोणता?" त्यानं खांदे उडवले. "भाव कसा सुरू असन?" मी मान डोलावत म्हणालो. लिलाव करणाऱ्यानं माझ्याकडे बघून हात केला. मला वाटलं, धंद्यातल्या माणसानं धंद्यातला माणूस ओळखला! मीही आदरानं मान हलवली. त्यानं पुन्हा हात केला. मी पुन्हा हलवली. समोरच्या मिशीवाल्यानं माझ्याकडं रागानं पाहिलं. मी त्यालाही मान हलवून नमस्कार केला.

मग गाणं थांबलं, टाळी वाजली आणि मासा माझ्या हातात आला.

"हे काय?" मी किंचाळलो.

"अबे, तुनं घेतला न!" गफ्फार पोट धरून हसायला लागला.

"मी त फक्त मान हलवली!"

"मग मार्केटात आमी काय नाचतो काय? मानच हलवतो!"

सरवरी म्हणाली, "भाऊ, वापस करून टाका ना."

सरवरी म्हणते ते बरोबर होतं. पण चिखलीत रोज सकाळी मीच व्यापाऱ्यांना दम देतो की दिलेली बोली मोडायची नाही. इथं मीच मोडली तर गफ्फार ती गोष्ट बाजारभर वाजवत फिरला असता. मी निमूट पाकीट काढलं. आणि खरं सांगू? मनातून उत्सुकताही होती. एवढा मासा कोणता, लागतो कसा?

शेजारीच तळून देणारी टपरी होती. तिथला आचारी आधी माशाकडं, मग आपल्या तव्याकडं पाहून हसला. कापणारा माणूस रविवारी नसतो, उद्या सकाळी या, तोवर बर्फात ठेवा, असं त्यानं अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या हातवाऱ्यांत सांगितलं. जयाबेनच्या उंबऱ्याच्या आत हा पाहुणा चालणार नव्हता. म्हणजे बर्फ शोधणं आलं.

मासा ओल्या साबणासारखा निसटत होता. गफ्फारचं कोरं मुंडू काढलं, त्यात त्याला गुंडाळलं आणि डोकं खांद्यावर, शेपूट मांडीवर असं छातीशी धरून मी रिक्षात बसलो. शेजारी सारिका, समुद्रावरून उठवून आणल्याच्या रागानं खाली मान घालून. तिच्याजवळ वासामुळं ओढणी नाकातोंडावर धरलेली सरवरी. पुढं चालकाशेजारी कसाबसा कोंबलेला गफ्फार. पिकल्या मिशांचा रिक्षावाला वळला आणि त्या पांढऱ्या गाठोड्याकडं पाहून एकदम गंभीर झाला.

"कुट्टी?" त्यानं हळूच विचारलं.

केरळात कुट्टी करतात हे ऐकून मला केवढा आनंद झाला! आमच्याकडं कडब्याची कुट्टी करतात. बारीक तुकडे. म्हटलं, भला माणूस विचारतोय, कापून आणू का?

"हाव, हाव! कुट्टी! पण आधी आइस! आइस! अर्जंट!"

"आईज?" त्यानं स्वतःच्या डोळ्यांकडं बोट केलं.

मला वाटलं, डोळ्यांनी बर्फाची फॅक्टरी पाहिली आहे म्हणतोय. मी जोरात मान हलवली. गफ्फार ओरडला, "सांभाळ बे, तुही मान!" पण तोवर रिक्षा उडाली होती.

काय चालवली त्यानं! एका हातानं भोंगा, दुसऱ्या हातानं हँडल, आणि वाटेत दोन चर्च लागली तिथं छातीवर क्रूस. मधूनच मागं वळून माझ्या खांद्यावर थोपटायचा. मी म्हणालो, "पाह्य बे गफ्फार, पाहुण्याची किती कदर आहे यायले!"

रिक्षा थांबली ती डोळ्यांच्या छोट्या दवाखान्यापुढं. मी काही बोलायच्या आत तो ओरडत आत गेला आणि एका सिस्टरला हाताला धरून घेऊन आला. तिनं गाठोडं माझ्याकडून अलगद घेतलं, आम्हा सगळ्यांना आत नेऊन ते बाकावर ठेवलं, काहीतरी गोड पुटपुटली आणि चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं.

डोळे उघडेच होते. दोन्ही. बशीएवढे!

सिस्टर किंचाळली आणि भिंतीला टेकली. रिक्षावाला मटकन पायरीवर बसला. मी घाबरून म्हणालो, "बाई, तुमी काऊन ओरडता? आमाले फक्त बर्फ पायजे!"

सिस्टरनं छातीवरचा हात काढला. "काऊन?" ती म्हणाली. "तुम्ही विदर्भातले का?"

तिचं नाव लिसी. ती नागपूरच्या दवाखान्यात नोकरी करून आलेली होती. परमुलखात आपलं ‘काऊन’ ओळखणारं माणूस भेटलं की काय होतं, ते शब्दांत सांगता येणार नाही! मी सगळी हकिकत सांगितली. तिनं ती रिक्षावाल्याला मल्याळममध्ये सांगितली. मग आम्हाला मराठीत म्हणाली, "कुट्टी म्हणजे आमच्याकडं लेकरू. या अँटनीचेट्टनला, म्हणजे अँटनीदादाला, वाटलं, तुमच्या लेकराच्या डोळ्याला काही झालं."

तो अँटनी माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. माझी मान आयुष्यात पहिल्यांदा हलायची थांबली. अनोळखी माणसाच्या लेकरासाठी त्यानं जीव टाकला होता, आणि लेकरू निघालं खवल्यांचं! मी हात जोडले. तो असा हसत सुटला की त्याची मिशी दिसेनाशी झाली. लिसी सिस्टर तोवर माशाचे कल्ले उचलून पाहत होती. म्हणाली, "पण मासा एकदम ताजा आहे हं!"

सारिकानं घड्याळात पाहिलं. ती दारापाशी गेली. बाहेर भिंतीवरचं ऊन केशरी झालं होतं.

"सिस्टर, समुद्र इथून चालत किती लांब?"

"हा रस्ता सरळ. या गल्लीच्या टोकाला."

"अहो," सारिका माझ्याकडं वळून म्हणाली, "मासा तुमचा. सूर्य माहा. सरवरी, चाल!"

मीही निघणार होतो. पण अँटनीनं माझा दंड धरला. मासा शिजायला त्याच्या घरी चालला होता आणि माशाचा बाप म्हणून मीही, मागं गफ्फार!

त्याच्या गल्लीत लेकराच्या डोळ्याची बातमी आमच्या आधी पोचली होती. लोक रडव्या तोंडानं बाहेर आले आणि मासा पाहून हसत आत गेले, ते आपापली भांडी घेऊन परत आले. अँटनीच्या बायकोनं मासा असा सपासप कापला की आमचे कुट्टी मशीनवाले लाजले असते. मी प्रत्येकाला विचारलं, "या माशाचं नाव काय?" एकानं एक सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं, आणि दोघांचं भांडण लागलं. तिसऱ्या म्हाताऱ्यानं तिसरंच सांगून ते मिटवलं. नारळाचं दूध, आंबट फळाच्या काळ्या सुक्या फोडी, कढीपत्ता. वासानंच माणूस केरळात स्थायिक व्हावा! पाहुणा म्हणून मला मानाचं डोकं वाढलं. ताटातून तो डोळा माझ्याकडं पाहत होता. मला घास जाईना. गफ्फारनं ताट ओढलं, "दे इकडं, तुही भीड असन, माही नाई," आणि चाटूनपुसून खाल्लं.

जेवणं चालू असतानाच लिसी सिस्टर सारिका-सरवरीला घेऊन आली. सारिकाच्या साडीचे काठ ओले होते. चेहरा असा दिसत होता की मला जरा लाजायलाच झालं.

"कसा होता?" मी विचारलं.

ती जरा वेळ शब्द शोधत राहिली. शिकवताना तिला कधी शोधावे लागत नाहीत. "मी पोरायले दरसाली सांगते, तांबडा गोळा. तांबडा नव्हता हो. आधी पितळेसारखा. मंग खालून चपटा झाला, बसक्या हंडीवाणी. मंग पाण्यानं ओढूनच घेतला त्याले. सरवरी रडली."

"आन् तू?"

"मी काऊन रडू? खारं वारं होतं. डोयात गेलं."

मी इतका हळहळलो की काय सांगू! सगळ्या कोचीची चौकशी केली आणि जे पाहायला आलो तेवढंच राहिलं. सोमवारी दुपारीच विमानतळ गाठायचा होता. पण संध्याकाळचं विमान म्हणजे सूर्यास्त हवेत! मी काउंटरवरच्या मुलीच्या मागंच लागलो. खिडकी पाहिजे म्हणजे पाहिजे! तिनं सुंदर खिडकी दिली. उजव्या हाताची. मी काचेला नाक लावून बसलो, ते विमान उडालं तरी तसाच. बाहेर निळं होतं, मग राखाडी झालं, मग काळपट. सूर्याचा पत्ता नाही! मागं वळलो तर पलीकडच्या रांगेत गफ्फार-सरवरीची तोंडं सोन्यासारखी चकाकत होती.

"सारिका, सूर्य तिकडं कसा?"

"आपण उत्तरेले चाललो," ती डोळे मिटूनच म्हणाली. "पश्चिम डाव्या हाताले येते."

"मग आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुमी त्या पोरीले विचारून राह्यले होते. मले कुठी विचारलं?"