हातांवर बसणाऱ्या निखाडे बाई

निखाडे बाई स्वतःच्या हातांवर बसतात. खरंच बसतात. समोर एखादं चार वर्षांचं पोर शर्टाच्या बटणाशी झटापट करत असलं, की बाई खुर्चीत टेकतात, दोन्ही हात मांड्यांखाली दाबतात आणि गप्प बघत राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना थंडी वाजतेय. नागपुरात, मे महिन्यात!

"थंडी नाही वं वैनी," त्या म्हणाल्या. "हे हात लय आगाव आहेत माये. मोकळे सोडले का धावलेच लेकराच्या मदतीले. म्हणून दाबून ठेवतो."

हुडकेश्वरच्या आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, बाई अगदी आमच्या समोर राहतात. एकट्याच. मिस्टर गेले, मुलगा-सून हैदराबादला. संध्याकाळ झाली की ले-आउटमधली सगळी चिल्लीपिल्ली बाईंच्या अंगणात गोळा. तिथं खेळणी नाहीत, टीव्ही लागत नाही, चॉकलेट मिळत नाही. मग मिळतं काय? तर काम! मटार सोला, रुमालांच्या घड्या करा, झाडांना पाणी घाला. कोणी "जमत नाही" म्हणून कुरकुरलं, की बाईंचं उत्तर ठरलेलं. "तुयं तू कर बाप्पा, मी बसून आहो ना." पाणी सांडलं की त्या हनुवटीनं फडक्याकडे खूण करतात. हनुवटीनंच, कारण हात दाबलेले. रागावणं नाही, आणि उगाच शाबासकीही नाही. तरी मेली पोरं उड्या मारत जातात!

जाईनात का, माझं काय जातं? पण माझी नात पिहूसुद्धा तिथंच जाते आणि इथं माझ्या पोटात दुखायला लागतं. सरळच सांगते, मी जळते. मुलगा-सून दोघं नोकरीवर, त्यामुळे पिहू अंगावर पीत होती तेव्हापासून मीच तिला सांभाळलं. आता पाच वर्षांची झाली तरी चिऊचा घास, काऊचा घास करत मीच भरवते. तासभर चालतं ते. भरवून भरवून माझा खांदा गेला, पण कधी तक्रार केली नाही. आणि वांगं? आमच्या घरी वांग्याचं नाव काढायची सोय नाही, पिहू ताट ढकलते.

आणि एका संध्याकाळी पाहते तर काय, निखाडे बाईंच्या ओट्यावर बसून माझी नात वांग्याची भाजी खातेय. आपल्या हातानं. बोटं चाटून!

"पिहू! तुले तर वांगं नाही ना आवडत?"

"हे मीच तोडलं, आजी. झाडाचं. देठ पण मीच काढलं."

घरी येऊन सुनेला तेवढं म्हटलं, "त्या भाजीत तेल पाहिलं का किती असते?"

मग चपलांचं झालं. पिहू उलट्या चपला घालून ऐटीत घरी आली. मी वाकून सरळ करून दिल्या. तिनं त्या काढल्या आणि पुन्हा उलट्या घातल्या. "निखाडे आजी म्हणते, टोचलं का तूच बदलवशील." निखाडे आजी म्हणते! अगं, तुझी आजी कोण? मी का ती समोरची? असं मी मोठ्यानं विचारणारच होते, पण सून बघत होती.

तान्ह्या पोळ्याला मी सगळं वसूल करायचं ठरवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी बैल सजवून मैदानात आणतात, छान सजलेल्या बैलाला बक्षीस मिळतं. पोरं सजवतात असं म्हणायचं फक्त. सजवतात आया-आज्या, पोरं दोरी धरतात. मी सक्करदऱ्याच्या बाजारातून चाकांचा नवा बैल आणला. शिंगांना सोनेरी बेगड लावली, गळ्यात घुंगरू बांधले, माझ्या ठेवणीतल्या साडीचा काठ कापून झूल शिवली. पिहूसमोर ठेवला. तिनं चहूबाजूंनी पाहिला आणि म्हणाली, "छान आहे आजी तुझा बैल." आणि मागच्या वर्षीचा जुना बैल काखेत मारून समोर बाईंकडे पळाली.

तिनं सजवलेला बैल मैदानात पाहिला आणि मला रडूच यायचं राहिलं. एक शिंग हिरवं, एक तसंच. तोंडभर टिकल्या. पाठीवर झुलीऐवजी पायमोजा! माझा बैल मी पिशवीत घालून नेला होता, ऐनवेळी पोरीचं मन बदललं तर असावा म्हणून. बदललं नाही. परीक्षकांनी प्रत्येक पोराला विचारलं, "कोणी सजवला?" सगळी आईकडे बोट दाखवत होती. पिहू म्हणाली, "मी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या शेजारी उभ्या निखाडे बाई हसत होत्या आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

तेवढ्यात पिहूनंच बांधलेली लांबच लांब दोरी तिच्या पायात अडकली आणि पोरगी आपटली. गुडघा चांगलाच सोलला. निखाडे बाई दोन पावलांवर होत्या. त्या पटकन खाली बसल्या, "ये वं माये बाई, ये इकडं!" पिहू उठली, त्यांना वळसा घातला आणि अख्खं मैदान ओलांडून भोकाड पसरत माझ्याकडे धावली. "आजीऽऽ!" माझ्या मांडीत तोंड खुपसून ती रडली आणि मी, खोटं कशाला बोलू, आतल्या आत पेढे वाटले.

थोड्या वेळानं निखाडे बाई आल्या. पिहूचा बैल आमच्याजवळ ठेवून शेजारी मातीतच बसल्या.

"हे तुमच्याजवळ अशी रडते का वं वैनी?"

"काहून? लागलं तर रडनच ना लेकरू."

"माह्याइथं नाही रडत. कोणीच नाही रडत. पडलं, लागलं का उठून आपापल्या घरी पळतेत." त्या मैदानाकडे बघत होत्या. "मले वाटे, लेकरं किती पक्के झाले. पण तसं नाही ना ते. माह्याजवळ कोणी रडाले थांबतच नाही."

मी पिहूची पाठ थोपटली. "जा बरं पिहू, जराशी निखाडे आजीजवळ जा." पिहूनं माझा पदर आणखी घट्ट धरला.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "कुठं रडाचं ते तिनं आपल्या मनानं ठरवलं ना. राहू द्या तिले तिथंच."

पिहूचे हुंदके थांबले. तिकडे बक्षिसं पुकारायला सुरुवात झाली, लोक उठून पुढं गेले. निखाडे बाई आमच्याजवळून उठल्या नाहीत, आणि मीही थोडी सरकून त्यांना सावलीत जागा केली.