डोक्यावरचे एकेचाळीस मिलिमीटर

आमच्या शाळेचे शिपाई वाव्हळ मामा. त्यांना तुम्ही काहीही विचारा, ते आधी आभाळाकडं बघतात आणि एक आकडा सांगतात. 'मामा, घंटा दिली का?' 'एकेचाळीस हाय, सर.' मग सावकाश घंटेकडं निघतात. दिंद्रुडजवळच्या या शाळेचा मी मुख्याध्यापक, आणि सहा वर्षं हे सहन करतोय.

आकडा मिलिमीटरचा असतो. पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या गच्चीवर उपडी वाटी ठेवल्यासारखा अँटेना बसवलाय. उपग्रहाचा संदेश खाली येताना हवेतल्या वाफेमुळं किंचित उशीर करतो. तो उशीर मोजायचा, त्याला हवामानाच्या मॉडेलमधला दाब आणि तापमान जोडायचं, की डोक्यावरच्या सगळ्या वाफेचं किती पाणी होईल ते कळतं. रोज सकाळी तो आकडा मामांच्या मोबाईलवर येतो. मला हे समजायला दोन बैठका लागल्या. मामा म्हणाले, 'तेलगावहून येणारा माणूस उशिरा आला, म्हंजे वाटंत चिखल लई हाय. त्यात काय, सर.'

तेव्हापासून मामा त्या यंत्राचे कारभारी झाले. गच्चीवर कुरडया वाळवायला बंदी. खुद्द सरपंच गावाचा फोटो काढायला वर निघाले, तर मामा जिन्यात आडवे. 'यंत्र हाललं तर वाफंचा ताळा चुकतो.' सरपंचांनी खालूनच फोटो काढला. 'एवढं पाणी वरी हाय, तर पडत कावून न्हाई?' असं कुणी विचारलं, की मामांचं उत्तर ठरलेलं. 'हाय ते सांगणं माझं काम. पाडणं न्हाई.'

यंदा उन्हाळ्यात पुण्याहून पत्र आलं. तुमच्याकडचे आकडे दर आठवड्याला बिघडतात, असंच चाललं तर यंत्र नांदूरघाटला हलवू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मामांना विचारलं, तर म्हणाले, 'बघतो.' शेवटी मंगळवारी दुपारी मीच गच्चीवर गेलो. अँटेन्यावर ओलं पोतं. उन्हाळ्यात रांजणाला गुंडाळतात तसं, चारी बाजूंनी खोचलेलं. शेजारी मामा बसलेले.

'मामा, त्याला काय ऊन लागतंय का?'

मामा पोत्याचं टोक सारखं करत राहिले. 'आकडा नीट गेला, तर कुणाचाच फोन येत न्हाई, सर. बिघडला की पुण्याच्या त्या मॅडम करतात. पयलं इचारतात, मामा, जेवलात का. मग यंत्राचं.'

मामी जाऊन चार वर्षं झाली. दोन्ही पोरं चाकणला कामाला. हे मला माहीत होतं, मी कधी विचारपूस केली नव्हती एवढंच. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

'काढा ते आधी,' मी ओरडलो.

खाली येऊन मॅडमना फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं.

'पोतं पुन्हा पडलं नाही, तर यंत्र तिथंच राहील,' त्या म्हणाल्या. 'आणि मंगळवारी मी फोन करत जाईन.'

पुढच्या मंगळवारी मामा माझ्यासमोर जेवले, डबा धुतला, पुसून पिशवीत ठेवला. तेवढ्यात फोन वाजला.

'अडतीस हाय, मॅडम. यंत्र ठणठणीत.'

मग जरा थांबले आणि माझ्याकडं पाठ केली.

'न्हाई, अजून न्हाई जेवलो,' असं म्हणाले, आणि पलीकडचं रागावणं मान हलवत ऐकत उभे राहिले.