पाठाऱ्यांची स्पॅनिश उत्तरं

पाठारे उत्तरं द्यायचे. प्रश्न कुणी विचारलेला नसायचा, एवढी एक अडचण सोडली तर उत्तरं अगदी चोख असायची. आणि ती असायची स्पॅनिशमध्ये.

हे मी पाहण्याआधी ऐकलं, तेही आमच्या बाथरूममध्ये. तेव्हा आम्ही आखातात, अजमानला राहायचो आणि पाठारे आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये. दुपारी एक ते चार तिथे सगळंच बंद. शोरूमवाले, दुकानवाले घरी येऊन जेवायचे, पडदे ओढून आडवे व्हायचे आणि चारला परत ड्यूटीवर जायचे. ऑगस्टातल्या त्या उन्हात रस्त्यावर मांजरसुद्धा फिरकत नसे. अशाच एका दुपारी मी तोंड धूत होतो आणि एक्झॉस्टच्या जाळीतून आवाज आला, "सी, सेन्योरा. दोस मालेतास." मग शांतता. कुणीतरी काही विचारावं, बरोबर तेवढीच. मग, "नो, ग्रासियास." परत शांतता. मग जरा खुशीत, "क्लारो, क्लारो!" असं वीसेक मिनिटं चाललं आणि शेवटी खट् असा आवाज होऊन सगळं थांबलं.

आवाज पाठाऱ्यांचाच होता. नाकातला, पेणचा.

मी पडलो एअरकंडिशनिंगवाला. डक्ट आणि शाफ्ट यांच्याच जिवावर माझं पोट. खालच्याची फोडणी वरच्याला आणि वरच्याचं भांडण खालच्याला पोचवणं हे शाफ्टचं कामच आहे, त्यात नवल काही नाही. पण शाफ्ट दोन्ही माणसांचे आवाज आणतो. एकाचा आणून दुसऱ्याचा गाळून ठेवणारा शाफ्ट मी वीस वर्षांत बसवलेला नाही.

"फोनवर बोलत असतील," मी माधुरीला म्हटलं.

"कुणाशी? पेणला? स्पॅनिशमध्ये?" माझी बायको माझ्या तर्कांना कधीच जुमानत नाही. मग तिचा आवाज खाली आला. "अहो, ते सेन्योरा म्हणतात. बाईशी बोलताहेत."

आणि पाठाऱ्यांच्या बायकोला, नलूवहिनींना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

आता थोडं मागे जायला हवं. पाठारे टाइल्सच्या शोरूममध्ये सेल्समन. माणूस सरळ, पण टाइल डोक्यात गेलेली. कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी वाकून फरशीवर बोटांची पेरं वाजवणार. टक्, टक्, टक्. "इथं पोकळ आहे," असं गंभीरपणे सांगणार आणि मग चहा घेणार. आमच्या हॉलमध्ये सोफ्याखाली एक पोकळ फरशी आहे, हे त्यांनी सांगितल्यापासून माधुरी त्या कोपऱ्यात पाय ठेवायची नाही.

त्या वर्षी त्यांचा सेल सगळ्यात जास्त झाला आणि कंपनीने बक्षीस दिलं: टाइल्सचा कारखाना बघायला आठ दिवस स्पेन, जोडीने, ऑक्टोबरमध्ये. पाठाऱ्यांना तोवर स्पॅनिशमधला 'फ्राखिल', म्हणजे 'नाजूक', हा एकच शब्द येत होता, तोही खोक्यांवरचा. नलूवहिनी म्हणाल्या, एवढ्यावर भागणार नाही. त्या घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या. कुठलीही गोष्ट आठवड्याचे पाठ पाडून शिकायची, हा त्यांचा खाक्या. इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं एक पुस्तक आलं. त्यात प्रत्येक धड्यात दोघं बोलायची. एक विचारायचा, दुसरा सांगायचा. दोघांनी ते काम वाटून घेतलं. प्रश्न सगळे नलूवहिनींचे, उत्तरं सगळी पाठाऱ्यांची.

"रस्ता विचारायचा झाला तर नलू विचारील," पाठारे मला समजावत होते. "तिला सवय आहे. मी आजवर कुणाला रस्ता विचारलाय? आपल्याला कुणी काही विचारलं तर मात्र मी बघून घेईन. क्लारो!"

क्लारो म्हणजे 'अर्थात'. हा शब्द त्यांना असा काही चिकटला की शोरूममधला इराणी मॅनेजरही 'चला' म्हणायच्या यल्लाऐवजी क्लारो म्हणू लागला.

पण पाठाऱ्यांना सराव करायला वेळ कुठला? म्हणून वहिनींनी प्रश्न वहीत उतरवून कॅसेट भरली. पत्राऐवजी कॅसेट भरून गावी पाठवायची सवय आम्हा सगळ्यांनाच होती. वहिनींनी एकेक प्रश्न विचारायचा आणि नवऱ्याच्या उत्तराला पुरेल एवढी जागा मोकळी सोडून पुढचा विचारायचा. पाठारे शारजाच्या रस्त्यावर गाडीत ती लावायचे आणि सिग्नलला थांबून मोठमोठ्याने उत्तरं द्यायचे. शेजारच्या गाडीतले लोक काचा वर करायचे.

जूनमध्ये नलूवहिनी गेल्या. सकाळी छातीत दुखलं आणि दुपारी सगळं खलास. पाठारे तेरावं उरकून पेणहून एकटे परतले. आम्हाला वाटलं, आता स्पेनचं नाव निघायचं नाही. आणि ऑगस्टात हे जाळीतून सुरू झालं.

गणपतीत आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. जेवण झालं, माधुरी कॉफी करायला आत गेली. पाठारे भिंतीकडे बघत बसले होते. एकदम म्हणाले, "सी, कोन लेचे, पोर फावोर."

"काय हो?" मी दचकलो.

"दूध घालून, म्हटलं."

माधुरी दुधाचं पातेलं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिचा चेहरा पांढराफटक. नंतर मला म्हणाली, "मी विचारणारच होते हो, दूध चालेल का म्हणून. अजून तोंड उघडलंही नव्हतं. त्यांना कुणी विचारलं मग?" आमची मुलगी म्हणाली, "बाबा, ही इज क्रीपी," आणि आपल्या खोलीचं दार लावून बसली.

त्यानंतर दुपारी आमच्या घरी कुणी धड झोपेना. एक वाजून गेला की आम्ही दोघं बाथरूमच्या दाराशी उभे. मला उत्तरं पाठ झाली. दोन बॅगा. दोन रात्री. आम्ही इंडियाचे. खिडकीशेजारी, प्लीज. दोस म्हणजे दोन, आणि सगळीकडे दोस. आणि रोज त्याच जागी खट्. मध्येच एखादं उत्तर देताना पाठारे चक्क हसायचे, समोरच्याने काहीतरी गमतीचं विचारल्यासारखे. ते हसणं ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा, मग मी एअरकंडिशनिंगवाला असलो तरी.

शेवटी माधुरी म्हणाली, "तुम्ही जाताय की मी जाऊ?"

मी गेलो. एक्झॉस्ट तपासायचाय असं खोटं कारण तयार ठेवलं होतं. पाठाऱ्यांनी दार उघडलं, तोंडावर बोट ठेवलं आणि मला आत घेतलं. पडदे ओढलेले. टेबलावर टेपरेकॉर्डर चालू. त्यातून बाईचा आवाज नव्हता, पुरुषाचा नव्हता, नुसतं सूंऽऽ असं येत होतं. कॅसेट फिरत होती. पाठारे तिच्यासमोर ताठ बसले, सूं ऐकत राहिले आणि मान हलवून म्हणाले, "दोस नोचेस." परत सूं. परत उत्तर. मी उभ्या उभ्या घामाघूम झालो, आणि त्या खोलीतला ए.सी. मीच बसवला होता. मग त्यांनी हात पुढे केला आणि बटण दाबलं. खट्.

"पाठारे, हे काय चाललंय?" मी जवळजवळ ओरडलोच.

ते खाली बघून फरशीवर पेरं वाजवत राहिले. मग म्हणाले, "मी पुसली तिला."

पेणहून आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर वहिनींच्या कॅसेटची कॉपी करायला घेतली. एकच आहे, तुटली बिटली तर? दोन कॅसेटवाला टेपरेकॉर्डर खास आणला. कोरी कॅसेट एका खणात, वहिनींची दुसऱ्यात. बटण दाबलं आणि चहा करायला गेले. परत येऊन बघतात तर खण उलटे. वहिनींच्या प्रश्नांवर कोऱ्या कॅसेटची शांतता भरली जात होती. त्यांनी झडप घालून बंद केलं, तोवर वीस मिनिटं गेली होती.

"पण जागा मला माहीत आहेत ना," पाठारे म्हणाले. "कुठे ती काय विचारते, किती वेळ विचारते, कुठे खाकरते. ती विचारते, मी सांगतो. आपलं काम आपण चुकवू नये."

"आणि बंद केलंत त्याच्या पुढे?"

"मिनिटभर असेल. हॉटेलात जेवायचा धडा. तिथेच मी नेहमी अडायचो."

"मग ऐका की अहो! तेवढ्या तरी वहिनी असतील त्यात!"

"असतील ना," ते म्हणाले. "नसतीलही. मी कधी लावलं नाही. कोरी निघाली तर संपलंच. आणि निघाली ती, तरी मिनिटभरात संपणार. मग उद्या दुपारी मी काय करू?"

रोजचं ते खट् काय होतं, ते तेव्हा कळलं. मी वर आलो आणि माधुरीला सगळं सांगितलं. ती ओट्यापाशी उभी राहून खूप रडली.

मग तिच्या डोक्यात आलं की वहिनींची प्रश्नांची वही घेऊन आपणच विचारावं. पाठाऱ्यांनी एक प्रश्न ऐकून घेतला. हात जोडले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं छान आहे. पण नको." परत तो विषय कुणी काढला नाही.

स्पेनला जाणार नाही, असंच ते म्हणत होते. मॅनेजरने सांगितलं की ह्या ऑक्टोबरात गेलात तर गेलात, नाहीतर तिकीट रद्द. तरी हे "इन्शाल्ला" म्हणून गप्प. आणि निघायच्या चार दिवस आधी जिन्यात भेटून मला म्हणाले, "जातो. तिने चार महिने तयारी करून घेतली. परीक्षेलाच बसलो नाही तर चिडेल." मी बरं म्हटलं. त्यांची गाडी विमानतळावरून परत आणायचं काम माझ्याकडे आलं.

शुक्रवारची दुपार होती. नमाज होऊन गेलेली, रस्ता रिकामा, आणि सकाळपासून धुळीचं वादळ. समोर सगळं पिवळट. बिल्डिंगी नाहीत, खांब नाहीत, पुढच्या गाडीचे दोन लाल दिवे तेवढे. मी चालवत होतो. पाठारे शेजारी, मांडीवर पासपोर्ट. मागच्या सीटवर बॅगा होत्या दोन. दुसऱ्या बॅगेत काय आहे, हे मी विचारलं नाही. शारजा सुरू झालं तशी त्यांनी खिशातून कॅसेट काढून लावली.

सूंऽऽ.

बाहेर वाळू काचेवर घासत होती, आत कॅसेट. पाठारे उत्तरं देऊ लागले. दोन बॅगा. दोन रात्री. क्लारो. मीसुद्धा आवाज न करता ओठ हलवत होतो. शेवटचं उत्तर आलं आणि त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला. हात तिथेच थांबला. त्यांनी बटण दाबलं नाही.

सूं एकदम तुटलं. कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी खाकरलं. आणि त्या धुळीत, त्या बंद गाडीत, नलूवहिनी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "क्वांतास पेर्सोनास?"

किती माणसं? वेटर विचारतो ते. वहीतला हा प्रश्न माधुरीने मला वाचून दाखवला होता. ह्याचं उत्तर दोस. पाठाऱ्यांनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. वहिनींनी सोडलेली जागा सरत चालली. मी गाडी हळू केली, जणू त्याने ती जागा वाढणार होती. जागा संपली.

"अहो, बोला की!" वहिनी म्हणाल्या.

माझा पाय ब्रेकवर गेला.

"मूग गिळून काय बसलात? तरी मला माहीत होतं, इथे अडणार तुम्ही. किती माणसं आहात, एवढंच विचारतोय तो बिचारा. घाबरायचं काय त्यात? परत विचारते हं. क्वांतास पेर्सोनास?"

पाठारे टेपकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"ऊना," ते म्हणाले. मग जरा नीट, पाठ म्हणून दाखवावा तसं, "ऊना पेर्सोना, नलू."

हे उत्तर मी जाळीतून कधीच ऐकलं नव्हतं. एक माणूस. अर्थ मला विचारावा लागला नाही.

"शाब्बास!" वहिनी म्हणाल्या. "झालं बघा. उगाच घाबरत होतात."

आणि खट्. ह्या वेळी कुणी बटण दाबलं नव्हतं. कॅसेट संपली होती.

विमानतळावर मी बॅगा उतरवल्या. पाठाऱ्यांनी एक घेतली आणि दुसरी परत सीटवर ठेवली. जाताना दारापाशी अडखळले, वळून मागे आले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला रस्ता विचारला, "डिपार्चर कुठून हो?"

मी हाताने दाखवलं. त्यांनी कॅसेट माझ्या हातात दिली.

"माधुरीवहिनींकडे द्या," ते म्हणाले. "गाडीत ठेवू नका. ऊन लागतं."