इंगळेमामा आणि तीन नंबरचं पॅनेल

कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा पुढे केला तेव्हा इंगळेमामांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "आधी तुमचं बघा." डॉक्टरांना वाटलं, गडी घाबरला. तसं काही नव्हतं. मामांचं म्हणणं इतकंच की, हे मशीन खरं बोलतं कशावरून? ज्याचा आकडा ठाऊक आहे त्याच्यावर ते आधी लावा, मग माझ्यावर. मागे आम्ही रांगेत ताटकळत उभे. शेवटी डॉक्टरांनी स्वतःच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडा चढा निघाला म्हणून परत एकदा मोजून बघितला. मग मामांनी हात पुढे केला. त्यांचा दाब अगदी ठणठणीत निघाला. जाता जाता त्यांनी डॉक्टरांना मीठ कमी करायला सांगितलं.

सोपान इंगळे हे आमच्या चाकणच्या कंपनीतले इलेक्ट्रिशियन. मूळचे लातूरकडचे, पण काळेवाडीत राहून जन्म गेला. मीही काळेवाडीचाच, त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये आमची शेजारशेजारची जागा ठरलेली. मी स्टोअरकीपर. माणसांवर विश्वास ठेवणं माझ्या धंद्यात बसत नाही, तरी मामांपुढे मी म्हणजे अगदीच भोळा सांब.

खरं तर त्यांचा नियम पुस्तकातलाच आहे. बंद पॅनेलमध्ये हात घालण्याआधी आत वीज नाही ना, हे मीटर लावून बघायचं. पण मीटरच बिघडलेलं असेल तर ते शून्य दाखवणार आणि माणूस निर्धास्तपणे हात घालणार. म्हणून मीटर आधी चालू सॉकेटवर लावायचं, मग पॅनेलवर, मग परत सॉकेटवर. सगळ्याच इलेक्ट्रिशियन लोकांना हे शिकवतात. मामांनी ते मंडईत नेलं, एवढाच फरक. त्यांच्या पिशवीत किलोभर मिठाची बंद पिशवी असायची. ती आधी भाजीवालीच्या काट्यावर ठेवायची, काटा बरोबर किलो दाखवतोय याची खात्री करायची आणि मग पाव किलो गवार घ्यायची. भाजीवाल्या त्यांना लांबून बघूनच काटा पुसायला घ्यायच्या.

घरी कमलमामी होत्या तोवर या स्वभावाला उतारा होता. "हे माझं कालवण चाखायच्या आधी शेजारणीचं चाखून येतील," असं म्हणून त्या चारचौघांत त्यांची फिरकी घ्यायच्या आणि मामा लाजायचे. मूलबाळ नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात मामी गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, त्या परत आल्या नाहीत.

त्यानंतर मामा गुरुवारच्या सुट्टीलाही कंपनीत दिसायला लागले. काम नसलं तर पॅनेलची धूळ झटकत बसायचे. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. पुढे दोन वर्षं कंत्राटावर ठेवा, असा अर्ज त्यांनी मेंटेनन्सच्या थोरातसाहेबांकडे दिला होता. तो अर्ज त्यांच्यासाठी केवढा होता, ते बसमध्ये रोज कळायचं. "घरी बसून करू काय, भाऊ?" एकदा ते मला म्हणाले. "पंखा फिरतोय का ते बघत बसू?"

दसऱ्यानंतर महिन्याभराने तीन नंबरची लाइन बंद पडायला लागली. तिथल्या सरकत्या पट्ट्याची मोटर ज्या ड्राइव्हवर चालते, तो दिवसातून चारदा व्होल्टेज कमी असल्याचं दाखवून थांबायचा. ड्राइव्ह म्हणजे पॅनेलमध्ये बसवलेली, मोटरला हवी तशी वीज देणारी पेटी. तिच्या आत पॉवर बोर्ड असतो, तोच गेला असणार असं सगळ्यांनी ठरवलं. बाहेरून एक इंजिनिअर लॅपटॉप घेऊन आला. त्याने पट्टा थांबलेला असताना सप्लाय मोजला, चोवीस व्होल्ट बरोबर भरले. सप्लाय ठीक म्हणजे बोर्ड खराब, असं लिहून देऊन तो गेला. नवा बोर्ड आठ दिवसांनी मिळणार होता. थोरातसाहेबांनी कपाळाला हात लावला.

मामांनी आधी मीटर नेहमीच्या सॉकेटवर लावलं. मग ड्राइव्हला येणारे तिन्ही फेज मोजले, ते ठीक होते. मग बोर्डाला चोवीस व्होल्ट नेणाऱ्या पांढऱ्या कनेक्टरपाशी आले आणि त्यांनी ऑपरेटरला पट्टा सुरू करायला सांगितला. लाइन चालू असताना कनेक्टरच्या अलीकडे चोवीस, पलीकडे सोळा. मामांनी तीनदा मोजलं. थांबलेल्या पट्ट्यावर भार नसतो, म्हणून इंजिनिअरला ही तूट दिसली नव्हती.

"बोर्ड मेला न्हाई, साहेब," ते म्हणाले. "उपाशी हाय. ताटात वाढलंय, पन घास तोंडात जाईना."

मुख्य स्विच बंद करून त्यांनी त्याला स्वतःचं कुलूप घातलं. बोर्डात साठलेली वीज उतरेपर्यंत ते घड्याळाकडे बघत उभे राहिले. त्या वेळात कोणी बोललेलं त्यांना चालत नाही. मग मीटर लावून पुन्हा खात्री केली आणि कनेक्टर उपसून काढला. मी स्टोअरमधून नवा घेऊन शेजारीच उभा होतो. जुन्याच्या पिनांवर लालसर पापुद्रा धरला होता. थोरातसाहेब गंज म्हणाले. मामांनी तो नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा पडला.

नवा कनेक्टर बसवला, पट्टा सुरू झाला, अलीकडे पलीकडे चोवीस. टाळ्या पडल्या. साहेबांनी मामांची पाठ थोपटली आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मागितला. मामा मात्र तडक माझ्या स्टोअरमध्ये येऊन स्टुलावर बसले. तो जुना कनेक्टर त्यांच्या मुठीतच होता.

ते कुंकू होतं. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी मशिनं बंद ठेवून पूजा होते. पॅनेलच्या दाराला हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ लांब बाहेर फोडायचा. दार उघडायचं नाही, हा दंडक मामांनीच घातलेला. आणि यंदा त्यांनीच दार उघडून आत ओलं कुंकू लावलं होतं. ते ओघळून कनेक्टरमध्ये उतरलं.

मी त्यांना सरळ सांगितलं, गंज लिहा. साहेबच गंज म्हणाले आहेत, अर्ज त्यांच्या टेबलावर पडलाय, कोणाच्या बापाला कळणार नाही. मामांनी मान हलवली. "मी गंज लिवला तर पुढचा मानूस दसऱ्याला परत आत लावंल. त्ये न्हाई चालायचं." आणि माझ्याच पेनाने त्यांनी लिहिलं: कारण, कनेक्टरमध्ये कुंकू. लावणारा, सोपान इंगळे.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. हातातोंडाशी आलेली गोष्ट हा माणूस स्वतः लाथाडत होता. परतताना बसमध्ये मी त्यांना विचारलं, की जन्मात नाही ते यंदाच आत लावायची बुद्धी कुठून झाली. मोशी गेली, भोसरी गेली. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "कमलचा करंडा भरलेला व्हता. फेकवना. घरात लावणार कोनाला? म्हनून घेऊन आलो. सगळ्या पॅनेलला लावलं. तीन नंबर तेवढं नवंकोरं, म्हनून त्याला आतून पन लावलं."

  उतरताना मी विचारलं, आता करंड्यातलं संपलं का? ते म्हणाले, थोडं आहे तळाला.

थोरातसाहेबांनी रिपोर्ट वाचून अर्ज आठ दिवस दाबून ठेवला. मग दोन वर्षांचं एक करून सही केली. मामांना एक वर्षही पुरलं. मला ते कमी वाटलं, आणि साहेबांशी मी अजून हसून बोलत नाही.

पुढच्या गुरुवारी मी मामांना कंपनीत जाऊ दिलं नाही. करंडा घेऊन घरी जेवायला या, म्हणून बजावलं. आले. पितळी करंडा त्यांनी रुमालात बांधून आणला होता आणि तो द्यायचा कसा ते त्यांना कळत नव्हतं. माझी बायको एरवी टिकली लावते. मी तिला आधी सगळं सांगून ठेवलं होतं. तिने टिकली काढून आरशाला चिकटवली, मामांच्या हातून करंडा घेतला आणि त्यांच्यासमोरच बोटाने कुंकू लावलं.

मामा तिच्या कपाळाकडे बघत राहिले.

"कमल जरा मोठं लावायची," ते हळूच म्हणाले.

बायकोने पुन्हा करंड्यात बोट घातलं.