शोकेसमधली सातवी

"लिहून घेतलंत का?"

शोरूमवाल्या बाई कारखान्यातून बाहेर पडून गाडीत बसेपर्यंत सासूबाई गप्प होत्या. गाडी वळल्यावर कोपऱ्यातल्या स्टुलावरून त्यांनी हा प्रश्न विचारला. पुतळेवाल्याने तर्जनीने कपाळावर टकटक केली.

"सगळं इथे आहे, आई."

सासूबाईंनी त्या कपाळाकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्या इस्पितळात नर्स होत्या, त्यातली शेवटची बारा मेट्रन म्हणून. जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. समोर कोणीही आलं, की पेशंटच्या खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला तक्ता शोधावा तशी त्यांची नजर आधी खाली जायची आणि तक्ता नाही म्हणून नाराज होऊन वर यायची. घराला प्लास्टर चाललं होतं, म्हणून तीन आठवडे त्या मुलीकडे राहायला आल्या होत्या. टीव्हीत त्यांचा जीव रमत नसे. म्हणून रोज दहा ते एक त्या जावयाच्या कारखान्यात बसायच्या, मांडीवर वही घेऊन.

पुतळेवाला कपड्यांच्या दुकानांसाठी पुतळे बनवी. धंदा उतरणीला लागलेला होता. हल्ली सगळ्यांना मोठ्या कंपनीतले बिनडोक्याचे पुतळे हवे असतात आणि मुंडकंच नाही म्हटल्यावर कलाकार हवा कशाला? हा मात्र अजून मातीत हाताने चेहरा घडवायचा. अकरा महिन्यांनी चेहऱ्यांची पहिली ऑर्डर आली होती, सहा पुतळ्यांची. बाईंना पसंत पडले तर त्यांच्या दुसऱ्या दुकानाचंही काम मिळणार होतं. नाही पडले, तर चुलतभावाच्या टाइल्सच्या दुकानात उभं राहायचं. त्या भल्या माणसाने ह्याच्या मापाचा युनिफॉर्मही शिवून ठेवला होता.

बाई पन्नास मिनिटं बोलल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मातीचा गोळा समोर ठेवून पुतळेवाल्याने कपाळ चाचपलं, तर आत हिरवी पर्स सापडली. दोन वेळा खोकल्याचा आवाज सापडला. चौथ्या पुतळीच्या हनुवटीचं काहीतरी होतं, पण ती हवी होती की नको होती, ते काही हाती लागेना. एक फोन करून विचारता आलं असतं. पण 'कलाकार लिहीत नसतो, पाहतो' असं सकाळीच तो बायकोला ऐकवून बसला होता, आणि ते सासूबाईंनीही ऐकलं होतं.

"हातांना आठवतं," असं स्वतःशीच म्हणून त्याने मळायला घेतलं. समोर स्टुलावर सासूबाई. मान वर केली की त्या दिसायच्या, न बोलता. तिसऱ्या दिवशी हातांनी खरंच वेग घेतला. डोकं घालायची गरजच पडेना. सहाही चेहरे आठवड्याभरात झाले, साचे निघाले, फायबरची डोकी ओतली. एवढं सहज काम त्याच्या हातून वीस वर्षांत झालं नव्हतं, आणि खरं तर तिथेच त्याला शंका यायला हवी होती.

सासूबाई आपल्या घरी गेल्या. त्यानंतर कारखान्यात काहीतरी बिनसलं.

खिळ्यांना हात टांगलेले, पिंपात पाय उभे केलेले, फळीवर धडं, अशा जागेत तो वीस वर्षं डबा खात आला होता. कधी घास अडला नव्हता. आता दोनदा हात धुतल्याशिवाय डबा उघडवेना. कोणी नसलेल्या खोलीतला पंखा तो उठून बंद करू लागला. पाठीमागे कोणीतरी उभं असल्यासारखं सारखं वाटायचं. रागावलेलं नाही, नुसतं उभं. वळून पाहावं तर फळीवर सहा डोकी, प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये गुंडाळलेली. कुठल्याच खिडकीतून वारा येत नव्हता आणि तरी एक पिशवी नाकापाशी जराशी आत गेल्यासारखी वाटे.

"आई परत आल्यात का गं?" त्याने जेवताना विचारलं.

"नाही. का?"

"सहज."

दुसऱ्या दिवशी टेबलावरची हत्यारं उंचीप्रमाणे ओळीत लावलेली दिसली. ती आपणच लावली, हे त्याला कळत होतं. कधी लावली, हे मात्र आठवत नव्हतं. रंग झाले, डोळे बसले, विग चढले. एकीला कुरळे केस, एकीला बॉबकट, एकीला कमरेपर्यंत. सहा जणी भिंतीशी दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तो त्यांच्याकडे पाठ करून काम करायचं टाळू लागला.

माल न्यायला टेम्पो आला त्या दिवशी बायको चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"अगं आई, कधी आलीस? फोन तरी करायचास."

हे ती कुरळ्या केसांच्या पुतळीला म्हणाली. तिने दुसरीकडे पाहिलं, तिसरीकडे पाहिलं, सहावीपर्यंत गेली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "या सगळ्या आई आहेत."

त्याने पाहिलं. तेच रुंद कपाळ. तीच केसभर वर चढलेली डावी भुवई. ओठ असे, की नुकतंच काहीतरी विचारलंय आणि आता उत्तराची वाट पाहणं चाललंय. केसांच्या खाली सहाच्या सहा वेळा तोच प्रश्न उभा होता. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि शोरूमचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

"आता?" बायकोने विचारलं.

"कपडे चढवले की कळत नाही."

चेहऱ्यांना ओरखडे पडू नयेत म्हणून दोघांनी त्यांना वर्तमानपत्रं गुंडाळली. बायकोने तीन गुंडाळले आणि हात मागे घेतला. "आईच्या तोंडावर कागद टाकायचा म्हणजे कसंतरीच होतंय," ती म्हणाली. उरलेले तीन त्याने डोळे मिटून गुंडाळले.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. आवाज अगदी खालचा.

"ताबडतोब या. आणि आत आल्यावर मोठ्याने बोलू नका."

शोरूम माणसांनी भरलेलं होतं आणि कोणीही बोलत नव्हतं. एका बाईने घालून पाहिलेले तीन कोट बटणं लावून, घडी करून परत केले आणि वर माफी मागितली. शोकेसबाहेर फुटपाथवर एक माणूस सिगारेट ओढत होता. त्याने काचेतून आत पाहिलं, सिगारेट विझवली आणि थोटूक स्वतःच्या खिशात घातलं. शोरूमवाल्या बाईंनी पुतळेवाल्याला कपडे बदलायच्या खोलीमागे नेलं.

"काउंटरवरच्या मुली पहिल्या दिवसापासून सगळं लिहून ठेवतायत," त्या कुजबुजल्या. "कोणाला कुठला रंग, कोणाची बाही किती आखूड करायची. मी सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, 'मॅडम, विचारतील ना.' कोण विचारतील, ते एकही जण सांगत नाही."

"अच्छा," पुतळेवाला म्हणाला.

"काल दुपारी दुकान रिकामं होतं. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले आणि पुन्हा खाली ठेवले. 'सॉरी' म्हणाले. कोणाला म्हणाले मी?"

त्याने घसा साफ केला. बाईंनी दचकून शोकेसकडे पाहिलं.

"मी सहा हसऱ्या मुली सांगितल्या होत्या तुम्हाला. सहा वेगवेगळ्या. बोला, काय काय सांगितलं होतं मी?" मग त्यांची डावी भुवई आपोआप थोडी वर गेली. "लिहून घेतलं होतंत का?"

पुतळेवाल्याचं बोट कपाळापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"उद्या अकराला टेम्पो आणा आणि यांना घेऊन जा. मी बिनडोक्याचे मागवते."

घरी येईपर्यंत त्याला तो युनिफॉर्म दिसत होता, खिशावरच्या नावासकट. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आईने लिहिलं असणार." ते त्यालाही माहीत होतं. म्हणूनच त्याने फोन उचलायला अर्धा तास लावला.

"आई, त्या बाई कारखान्यात आल्या होत्या ना..."

"तारीख?"

"सोमवार होता."

कागद उलटल्याचा आवाज आला. "हं. सापडलं. फोनवर नाही सांगणार. पेशंटची माहिती मी फोनवर देत नाही. उद्या येते. दुकानाचा पत्ता सांगा, लिहून घेते."

"म्हणजे आई त्या सहा जणींना बघणार," फोन ठेवल्यावर बायको म्हणाली.

टेम्पो वाटेत बंद पडला आणि पुतळेवाला वीस मिनिटं उशिरा पोचला. सासूबाई मात्र अकराच्या ठोक्याला हजर होत्या. काउंटरवर कोणी नव्हतं. शोकेसमधल्या एका कोटाचं बटण चुकीच्या काजात दिसलं, तेव्हा त्या आत चढल्या, बटण नीट केलं आणि कोणी येईपर्यंत तिथेच सरळ उभ्या राहिल्या. शोरूमवाल्या बाई टेम्पोत चढवायचे पुतळे मोजायला बाहेर आल्या. सात भरले. त्यांनी उलट्या बाजूने मोजले. सात. तिसऱ्यांदा मोजताना त्यांनी बोट उचललं आणि कोपऱ्यातल्या सातवीने मान वळवली.

"तिसरीचं बटण चुकलं होतं," सातवी म्हणाली. "मी लावलं."

पुतळेवाला आत शिरला तेव्हा बाई जमिनीवर बसल्या होत्या, एक मुलगी पाणी पाजत होती आणि सासूबाई त्यांचं मनगट धरून घड्याळाकडे पाहत होत्या. "ब्याण्णव," असं म्हणून त्यांनी ते वहीत टिपलं. मग मागची पानं उलटली.

"सोमवार. दहा पस्तीस. बाई आल्या. हिरवी पर्स. खोकला, कोरडा, दोनदा. दहा चाळीस. सहा हसऱ्या मुली हव्यात."

"बघा," बाई क्षीणपणे म्हणाल्या.

"संपलेलं नाही. अकरा वीस. हसऱ्या नकोत. रिकाम्या दुकानात हसणारे पुतळे पाहून भीती वाटते. चेहरे सहाही सारखे चालतील. एकच अट. आत पाऊल टाकलं की गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, आपल्याकडे कोणाचं तरी नीट लक्ष आहे. अकरा पंचवीस. बाई गेल्या."

"असं मी म्हणाले?"

"अकरा वीसला." सासूबाईंनी खालची ओळही वाचून टाकली. "जावयांनी काहीही लिहून घेतलं नाही. चेहऱ्यावर आत्मविश्वास, जरुरीपेक्षा जास्त."

पुतळेवाला मान खाली घालून उभा राहिला. खरं सांगायचं तर त्याला लाजेपेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटत होतं. बाई बराच वेळ त्या छोट्या उभट अक्षराकडे पाहत होत्या. मग त्यांनी काउंटरवरची मुलींची वही चाळली. चार दिवसांत एकही कपडा चुकीच्या मापाचा म्हणून परत आला नव्हता.

"टेम्पो परत पाठवा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दुकानालाही सहा हवेत. पण या वेळी लिहून घ्या."

त्याच्याकडे पेनही नव्हतं. सासूबाईंनी आपलं दिलं, आणि पर्समधून एक कोरी वहीसुद्धा काढली. ती त्यांनी बहुधा घरूनच आणली होती.

आणि मग, सगळं मार्गी लागलं असताना, त्यांनी चष्मा पुसला. आतापर्यंत त्यांनी फक्त बटणं पाहिली होती. आता त्या शोकेसजवळ गेल्या आणि बॉबकटवालीच्या समोर, नाकासमोर नाक, उभ्या राहिल्या. बाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि तोंडावर हात ठेवला. मुली लिहायच्या थांबल्या. दोन सारख्या भुवया एकमेकींकडे पाहत होत्या आणि त्यांतली कुठली आधी हलेल, ते सांगता येत नव्हतं.

"काम चांगलं आहे, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "पण हिला मी कुठेतरी पाहिलंय. आमच्या वॉर्डातली असणार. भारी खडूस बाई होती, एवढं नक्की आठवतंय. नाव काय बरं तिचं?" त्यांनी वहीची पानं पुढे-मागे केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच हरल्यासारख्या दिसल्या. "नाही सापडत. लिहून ठेवायला हवं होतं." त्या वळल्या. "तुम्ही बनवलीत ना? तुम्हाला माहीत असेल. कोण ही?"

पुतळेवाल्याने हळूच पेनाला टोपण लावलं. सात जणी उत्तराची वाट पाहत होत्या.

"नाही आठवत, आई," तो म्हणाला.